छायाचित्र-ओळीची भाषा : एक उदाहरण

छायाचित्र पाहताच कळते, असा आपला समज असतो. परंतु छायाचित्र केवळ एक क्षण दाखवते. त्या क्षणाच्या आधी व नंतर काय घडले, हे खालची ओळच सांगते. एक उदाहरण पाहू.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. ग्रामस्थ किनाऱ्यावरील घरट्यांतून अंडी काढून ती जाळीने वेढलेल्या हॅचरीत पुन्हा पुरतात. एरवी ती कुत्रे, कोल्हे किंवा माणसे नेतात. साधारणपणे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्या वेळी कॅमेरे सरसावतात. आता या दोन ओळी वाचा :

(अ) ग्रामस्थांनी पिल्ले समुद्रात सोडली.
(आ) वाळूवर सोडलेली पिल्ले समुद्राकडे निघाली.

'अ' मधील 'सोडणे' हे क्रियापद सकर्मक आहे. कर्ता माणूस आणि पिल्ले केवळ कर्म. पिल्ले हातांनी पाण्यात ठेवली, असे चित्र वाचकाच्या मनात उमटते. 'आ' मध्ये माणसाची मदत 'सोडलेली' या विशेषणात सामावते आणि 'निघाली' या अकर्मक क्रियापदाचे कर्तेपण पिल्लांकडे जाते. वस्तुस्थितीही तशीच आहे. पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवली जातात व पुढे ती स्वतः चालत जातात.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'अ' वाचलेला पर्यटक उद्या पिल्लू तळहातावर घेऊन छायाचित्र काढू पाहील. क्षितिजाकडील उजेडाच्या दिशेने जाणारे पिल्लू कॅमेऱ्याच्या झोताने भरकटते. अंडी घालण्यास आलेली मादी प्रकाशाने बिचकून तशीच परतू शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला स्थान आहे, ते उगीच नव्हे. जनजागृतीसाठी काढलेले छायाचित्रच त्याला अपाय करू लागले, तर त्या जागृतीला अर्थ उरत नाही.

म्हणून ओळ लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. कर्ता कोण? न दिसणारी कोणती गोष्ट सांगणे आवश्यक आहे? वाचक यावरून काय करील?

स्वाध्याय : 'झोत न वापरता, दुरून टिपलेले छायाचित्र' ही माहिती सामावून घेत वरील प्रसंगासाठी पंधरा शब्दांची ओळ लिहा. तीत योजलेल्या क्रियापदाचे कारण दोन वाक्यांत स्पष्ट करा.