अस्थिमज्जेचे रोपण आणि आतड्यांतील जिवाणू

सोलापूर, उमरगा, जहिराबाद या मार्गाने हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग मियापूर ओलांडून कुकटपल्लीत शिरतो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. मोठे दुखणे उद्भवले की हैदराबाद गाठावयाचे, ही सीमाभागातील जनतेची सवय अद्याप सुटलेली नाही. रक्ताचा कर्करोग, थॅलसेमिया अथवा मज्जा निकामी होण्याचा विकार यांसाठी रुग्णावर अस्थिमज्जेचे रोपण झाले, की रुग्णालयातून घरी जाण्याची परवानगी मिळाल्यावरही रोपणापासून सुमारे शंभर दिवसांपर्यंत जवळपासच मुक्काम ठेवण्यास डॉक्टर सांगतात. मग कुकटपल्लीच्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीसारख्या एखाद्या वस्तीत खोली भाड्याने घेण्यावाचून गत्यंतर नसते. मेट्रोचे स्थानक हाकेच्या अंतरावर असते, परंतु रुग्णाला गर्दी वर्ज्य असते. सूचनांचा कागद भिंतीवर चिकटविलेला असतो: पाणी उकळलेले, अन्न ताजे व गरम, कच्चे काही नाही. आणि गावाहून सोबतीला आलेली आजी विचारीत असते, 'लेकराला वाटीभर ताक दिले तर काय बिघडते?'

आजीचा हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जगातील नामवंत संशोधनसंस्था गेली काही वर्षे निराळ्या शब्दांत याच प्रश्नाचा शोध घेत आहेत. तिला द्यावयाचे उत्तर मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे.

रोपण म्हणजे काय?

हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या सर्व पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. प्रखर औषधांनी, प्रसंगी किरणोपचारांनी, रुग्णाची रोगट मज्जा प्रथम नष्ट केली जाते. नंतर जुळत्या दात्याच्या मूळ पेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात. त्या आपली वाट आपण शोधून हाडांत जाऊन वसतात आणि विरजण लागावे तशी नवी मज्जा धरू लागते. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी या उपचाराचा पाया घातला व त्याबद्दल १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये असे रोपण यशस्वी केले.

विरजण लागले की काम संपले, असे मात्र नाही. जंतूंशी पहिला सामना देणाऱ्या पांढऱ्या पेशी दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतात. परंतु ओळखीचा शत्रू लक्षात ठेवून त्याचा बंदोबस्त करणाऱ्या लसिकापेशी पूर्ववत होण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यातच दात्याच्या पेशींना रुग्णाचे शरीर परके वाटून त्या त्याची त्वचा, यकृत व आतडी यांवर हल्ला करण्याचा धोका असतो. रुग्ण रोपणातून वाचतो आणि या मधल्या काळात दगावतो, असेही घडते.

उजाड झालेले शेत

मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. आपणांस न पचणारा धान्य-भाज्यांचा चोथा हे त्यांचे अन्न. त्यापासून ते ब्युटिरेटसारखी द्रव्ये तयार करतात. या द्रव्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि रोगप्रतिकारक पेशींनाही ती संयम शिकवितात. रोपणाच्या वेळी या वस्तीची धूळधाण होते. औषधांनी अस्तर सोलवटते, रुग्णाचे जेवण तुटते, आणि ताप येताच द्यावी लागणारी प्रतिजैविके शत्रूबरोबर मित्रांनाही मारतात. पेरणी हुकलेल्या रानात गाजरगवत माजावे त्याप्रमाणे मग एन्टेरोकॉकससारखा एखादाच जिवाणू सारे आतडे व्यापतो.

याचा परिणाम किती गंभीर, हे न्यूयॉर्क येथील ८० रुग्णांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये पुढे आले. नवी मज्जा धरण्याच्या सुमारास ज्यांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता भरपूर होती, त्यांच्यापैकी ६७ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. विविधता अत्यल्प असलेल्यांपैकी केवळ ३६ टक्के. एका शहरातील हा योगायोग असेल, अशी शंका घेण्यास जागा होती. परंतु २०२० मध्ये अमेरिका, जर्मनी व जपान या देशांतील चार केंद्रांतील १,३६२ रुग्णांच्या ८,७६७ विष्ठा-नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि कौल तोच मिळाला. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. अधिक आजारी रुग्णालाच अधिक प्रतिजैविके लागतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

म्हणूनच न्यूयॉर्कमधील आणखी एका प्रयोगाचे मोल मोठे आहे. रोपणापूर्वी रुग्णांची स्वतःचीच विष्ठा गोठवून जपून ठेवली गेली. पुढे २५ रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या १४ जणांना ती बस्तीवाटे परत देण्यात आली. वाचताना किळस वाटेल. परंतु या १४ जणांच्या आतड्यांतील वस्ती पूर्वपदावर येऊ लागली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्याही इतरांहून अधिक राहिली. त्याच विश्लेषणात फीकॅलिबॅक्टेरियम, रुमिनोकॉकस व अक्करमॅन्सिया या जिवाणूंच्या वाढीचा संबंध पांढऱ्या पेशींच्या वाढीशी जुळलेला दिसला. हाडांतील मज्जा आणि पोटातील जिवाणू यांचे नाते असे रक्ताच्या तपासणीत उमटले.

गंमत अशी, की १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांची दिशा नेमकी उलट होती. जंतुविरहित पेटीत वाढविलेल्या उंदरांना रोपणानंतर त्रास कमी होतो असे दिसल्यावरून रुग्णांची आतडी औषधांनी निर्जंतुक करण्याची प्रथा पडली. परंतु उंदीर जन्मापासून निर्जंतुक ठेवता येतो. माणसाचे आतडे पूर्णपणे निर्जंतुक करणे साधत नाही, आणि अर्धवट साफ केलेल्या रानात तणच आधी उगवते.

मग ताक का नाही?

जिवाणू जर इतके उपकारक, तर ताक, दही अथवा दुकानातील जिवाणूंच्या पुड्या देण्यास हरकत कोणती? हरकत अशी, की आतड्याचे अस्तर फाटलेले आणि पांढऱ्या पेशी नगण्य असताना निरुपद्रवी जिवाणूही रक्तात शिरून घात करू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत परक्या दात्याच्या विष्ठेतून प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू दोन रुग्णांच्या रक्तात पोहोचला. त्यांपैकी रोपण झालेला रुग्ण मरण पावला. पुड्यांविषयी म्हणावयाचे तर, २०१८ मध्ये इस्रायलमध्ये निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर अशा जिवाणूंचे सेवन केल्याने आतड्यांची मूळ वस्ती परतण्यास उलट विलंबच झाला. दुधाचीही एक बाजू आहे. त्यातील साखर, लॅक्टोज, हे एन्टेरोकॉकसचे आवडते खाद्य असून ती आहारातून वगळल्यावर उंदरांतील त्रास कमी झाल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. माणसांसाठी यावरून लगेच नियम बांधता येणार नाही. तेव्हा ताक कधी सुरू करावयाचे, हे रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

त्या खोलीत कुटुंबाच्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. शिजविलेले अन्न तोंडाने पोटात जाणे हे महत्त्वाचे आहे. शिरेवाटे पोषण दिलेल्या मुलांच्या तुलनेत नळीने का होईना, आतड्यावाटे पोषण मिळालेल्या मुलांची जिवाणूवस्ती लवकर सावरल्याचे आढळले आहे. मऊ भात, वरण, शिजलेली भाजी यांचे चार घास दर दोन तासांनी गेले तरी ते उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. ताप आल्यास ती प्राण वाचवितात, म्हणून रुग्णालयास कळविण्यास तासाचाही विलंब नको. परंतु खोकला झाला म्हणून कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून देणे म्हणजे नुकत्याच उगवलेल्या रोपांवर तणनाशक फवारणे होय. शिळे, उघड्यावरचे आणि न शिजविलेले अन्न अर्थातच वर्ज्य.

न्यूयॉर्कचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील काय, हा प्रश्न उरतोच. पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास केला. पाश्चात्त्यांच्या तुलनेत आपल्याकडे प्रिव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य त्यांना आढळले. धान्य-कडधान्यांच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या उमरग्याच्या मुलाचे आतडे रोपणानंतर कसे सावरते, हे येथील रुग्णांचे नमुने तपासूनच ठरावयाचे आहे.

शंभर दिवसांनंतर मूल गावी परतले, तरी शाळेत केव्हा बसवावयाचे हे रुग्णालयच सांगते. रोपणाबरोबर पूर्वीच्या लसींची स्मृतीही पुसली जात असल्याने बाळपणी टोचलेल्या लसी त्यास पुन्हा द्याव्या लागतात. त्यांचे वेळापत्रक रुग्णालयाकडून लिहून घेऊन एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात व एक वर्गशिक्षकांकडे द्यावी. वर्गात गोवर किंवा कांजिण्यांचा रुग्ण आढळल्यास शिक्षकांनी त्या मुलाच्या घरी त्याच दिवशी निरोप धाडावा.