रस्त्यावरून घरी : ‘श्रद्धा’ची साडेतीन दशके

जटा झालेले केस, अंगावर मळकट चिंध्या आणि हातात नारळाची रिकामी करवंटी. त्या करवंटीने एक तरुण मुंबईत गटारातले पाणी पीत होता. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने त्याला पाहिले आणि बोरिवलीतल्या आपल्या छोट्या रुग्णालयात आणले. आंघोळ, दाढी, जेवण आणि मग औषधे. तो सावरून बोलू लागला तेव्हा कळले, की हा विज्ञानाचा पदवीधर, प्रयोगशाळेतले तंत्र शिकलेला, आंध्र प्रदेशातल्या एका बऱ्या घरचा मुलगा. वडील जिल्हा परिषदेत अधिकारी. घरचे त्याला न्यायला आले.

या कामातून १९८८ साली ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ उभे राहिले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी देणगी मागणे तेव्हा सोपे नव्हते. मंदिराला, शाळेला, अनाथाश्रमाला लोक देत. अंगाला दुर्गंधी येणाऱ्या, स्वतःशी बडबडणाऱ्या माणसासाठी खिशात हात घालायला बिचकत.

मदतीचा मोठा ओघ आला तो चित्रकारांकडून. जे. जे. कला महाविद्यालयात शिकवलेले एक कलावंत रस्त्यावर भीक मागताना सापडले आणि ‘श्रद्धा’त उपचार घेऊन सावरले. मुंबईचे कलाविश्व त्याने हलून गेले. शंभरावर चित्रकारांनी आपली चित्रे दिली, प्रदर्शन भरले आणि त्या पैशांतून दहिसरला केंद्र उभे राहिले. मला या साऱ्या वाटचालीतला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. चित्रकार धावले, कारण रस्त्यावरचा तो माणूस त्यांच्यातला होता. ज्याला ओळखणारे तिथे कोणीच नाही, त्याच्यासाठी कोण धावणार? ‘श्रद्धा’ने पुढची सगळी वर्षे अशा अनोळखी माणसांसाठीच दिली.

काम वाढले, दहिसरची जागा अपुरी पडू लागली. बाबा आमटे यांच्या भेटीने वाटवानींना बळ दिले आणि २००६ साली कर्जतजवळ वेणगाव येथे मोठे केंद्र सुरू झाले. रुग्ण भाषेने कुठलाही असू शकतो : बंगाली, तमिळ, ओडिया, भोजपुरी. औषधे लागू पडली, की काही आठवड्यांत तो गावाचे नाव सांगू लागतो; कधी नुसता एखादा बाजार, एखादी नदी. तेवढ्या धाग्यावरून गाव शोधायचे आणि कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर रेल्वेने थेट दारापर्यंत जायचे. कितीतरी घरांनी माणूस गेला असे समजून आशा सोडलेली असते. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर संस्थेने अशा सात हजारांहून अधिक माणसांना मदतीचा हात दिला होता.

घरी पोचवणे हा या कामाचा सर्वांत हृद्य भाग, पण तिथेच काम संपते असे मात्र नाही. स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक रुग्णांना औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. आडगावात ती मिळत नाहीत, मिळाली तरी मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाहीत. आणि गोळ्या सुटल्या, की तोच माणूस पुन्हा स्टेशनच्या फलाटावर दिसू शकतो. म्हणून घरी परतलेल्यांना औषधे पोचवत राहणे हे संस्थेने आपले काम मानले. देणगीदाराला हा खर्च दिसत नाही. इमारतीवर नावाची पाटी लागते, गोळ्यांच्या पाकिटावर लागत नाही. माझ्या मते मात्र सर्वांत पुण्याचा पैसा तोच आहे.

दरम्यान कायदाही पुढे आला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणे ही पोलिसांची जबाबदारी ठरवली. तेव्हा असा माणूस दिसला, तर वळसा घालून पुढे जाऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, हे त्यांचे कर्तव्य आहे याची नम्रपणे आठवण करून द्या. आणि अशा कामाला देणगी देणार असाल, तर एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा थोडी, पण न चुकता द्या. औषधेही दर महिन्याला लागतात.