लंडनचा बॅरिस्टर, रोजाबागचं कॉलेज

औरंगाबादमध्ये शहागंजचं घड्याळ मागे टाकून दिल्ली दरवाजाकडे निघालं की पुढे रोजाबाग लागतं. तिथला शैक्षणिक परिसर डॉ. रफीक झकेरिया यांच्या नावाने ओळखला जातो. आज अनेकांना ते पत्रकार फरीद झकेरिया यांचे वडील म्हणूनच ठाऊक असतात. हा थोडा अन्यायच!

जन्म 1920 चा, नालासोपाऱ्याचा. मुंबई विद्यापीठात एम.ए.ला सुवर्णपदक, मग लंडनला पीएच.डी. आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. भारतीय मुसलमानांच्या राजकारणाचा अभ्यास हा त्यांचा विषय. एवढी विद्वत्ता घेऊन मुंबईत सुखाने वकिली करता आली असती.

त्याऐवजी 1962 मध्ये ते औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून आले, मंत्रीही झाले. पण लक्षात राहावं ते पुढच्याच वर्षीचं काम: 1963 मध्ये सुरू झालेलं मौलाना आझाद महाविद्यालय. त्यांच्या संस्थेने पुढे मुलींसाठी वेगळं महाविद्यालय काढलं, हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षणही इथे आणलं. मराठवाड्यात तेव्हा हे धाडसच होतं.

पत्नी फातमा झकेरिया पत्रकार. त्यांनीही या संस्थांची धुरा वाहिली. 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉ. झकेरिया 2005 मध्ये गेले. त्यांची कबर याच परिसरात आहे.