तुरटी काँक्रीट खाते तेव्हा

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तेच घडतं. घरातली तुरटी पोटॅशची असते, तर केंद्रात ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात आणि तेही टनांच्या हिशेबात. त्याच्या लाद्या टाकीत विरघळवून ते द्रावण कच्च्या पाण्यात सोडतात. एकदा पाण्यात मिसळलं की त्याचा जोर संपतो. त्याआधी टाकीत मात्र ते चांगलंच आंबट असतं. त्याचा सामू 3 ते 3.5 च्या आसपास असतो, तर निरोगी काँक्रीटचा 12.5 च्या वर.

काँक्रीटला हा अल्कधर्मीपणा मिळतो मोकळ्या चुन्यामुळे. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना तो तयार होतो आणि आतल्या सळईला गंजापासून सांभाळतो. आम्ल आधी याच चुन्यावर तुटून पडतं. शिवाय तुरटीतलं सल्फेट चुन्याशी मिळून जिप्सम बनवतं. ते इतकं मऊ असतं की नखाने खरवडता येतं. सल्फेट आणखी आत शिरलं की सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी मिळून सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते फुगतात आणि काँक्रीट आतून तडकतं. महाराष्ट्रात खडी बहुधा काळ्या बेसॉल्टची असते. ती सहसा टिकते; आजूबाजूचं सिमेंट झिजून जातं. म्हणून टाकी रिकामी केल्यावर भिंतीतून काळी खडी डोकावताना दिसली, तर दुखणं जुनं आहे असं खुशाल समजावं. फिनॉल्फ्थॅलिन या निर्देशकाचे चार थेंब ताज्या तुटलेल्या भागावर टाकावेत. जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथला चुना संपलेला असतो.

‘सल्फेटरोधक सिमेंट वापरलंय, काळजी नको’ असं अनेकदा सांगितलं जातं. ही समजूत मला धोक्याची वाटते. हे सिमेंट सल्फेटशी लढतं, आम्लाशी नाही. फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलं, पाणी कमी ठेवलं, क्युरिंग नीट केलं, तर झीज मंदावते, थांबत नाही. द्रावण आणि काँक्रीट यांच्यामध्ये आडपडदा लागतोच. तो आम्लरोधक विटा-लाद्यांचा असेल, रबराचा, एफआरपीचा (तंतू घातलेल्या प्लास्टिकचा) किंवा इपॉक्सीचा. लादी आम्लरोधक आणि सांध्यात साधं सिमेंट भरलेलं, असं काम झालं तर सगळा खर्च वाया जातो. आम्ल सांधा खातं, लादीमागे जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

इपॉक्सीच्या बाबतीत मुख्य काम रंगाच्या डब्यात नसतंच, ते डबा उघडण्याआधीचं असतं. खराब झालेलं काँक्रीट घट्ट थर लागेपर्यंत काढायला हवं, पृष्ठभागावरचा सिमेंटचा दुबळा थर घासून किंवा ब्लास्टिंग करून उडवायला हवा, आणि मुरलेलं आम्ल धुऊन सामू पुन्हा तपासायला हवा. मग ओलावा पाहायचा. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून किमान 16 तास ठेवायचा. खाली दव जमलं किंवा काँक्रीट काळसर पडलं, तर थांबायचं. ओल्या भिंतीवर ओढलेलं इपॉक्सी फोड येऊन सुटतं. कामाच्या शेवटी विजेच्या ठिणगीने भोकं शोधणारी स्पार्क टेस्ट करायची, कारण सुईच्या टोकाएवढं भोकही आम्लाला पुरतं. टेंडरमध्ये रंगाच्या थरांची जाडी लिहिलेली असते. या तयारीला आणि चाचण्यांना वेगळे पैसे असतातच असं नाही. पहिल्या काही वर्षांत सोलून निघणाऱ्या कोटिंगचं मूळ मला तिथेच दिसतं.

शुद्ध पाण्याच्या झाकलेल्या टाकीत प्रश्न वेगळा. पाण्यातून सुटलेला क्लोरिन वाफेबरोबर स्लॅबच्या खालच्या अंगाला जमतो. त्यातून बनलेलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो आणि गंज फुगून सळईवरचं काँक्रीटचं कव्हर पाडतो. पाणी सुरक्षित दिसतं, म्हणून वर कोणी बघत नाही. इथे लावायचं कोटिंग पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलं पाहिजे. कोळशाच्या डांबराचं इपॉक्सी इथे चालत नाही.

हे सगळं करायला टाकी कोरडी मिळायला हवी, आणि पुरवठा एक दिवसही बंद ठेवता येत नाही. म्हणून तुरटीच्या टाक्या किमान दोन असाव्यात आणि एरवीचा पूर्ण भार एकीला पेलता यावा. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, तुरटी जास्त लागते, तेव्हा दोन्ही टाक्या राबतात. त्यामुळे तपासणी आणि दुरुस्तीचे महिने म्हणजे हिवाळा ते उन्हाळा. ते त्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच लिहून ठेवावे लागतात.