पिलाची रात्र आणि घराची शिस्त

रात्रीचे दोन वाजले आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत निजानीज झाली आहे, आणि स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून एक बारीक, चिरका, न थांबणारा आवाज येत आहे. सायंकाळीं घरांत आलेलें दोन महिन्यांचें कुत्र्याचें पिलूं रडत आहे. त्याला पाहून मुलें हरखून गेलीं होतीं; आजींनींही थोड्या कुरकुरीनंतर 'असूं द्या' म्हटलें होतें. परंतु आतां शेजाऱ्यांची झोपमोड होईल या धास्तीनें यजमान उठतात, दार उघडतात, आणि अंधारांत त्यांचा पाय नेमका ओल्या फरशीवर पडतो. दुसऱ्या रात्रीं हेंच. तिसऱ्या रात्रींही हेंच. आठवड्याच्या अखेरीस पिलूं कोणाला तरी देऊन टाकावें अशी कुजबूज सुरू होते.

हौसेनें आणलेलीं कित्येक पिलें अशाच कारणानें घराबाहेर पडतात. कांहींच्या वाट्यास रस्ता येतो. वास्तविक यांत पिलाचा अपराध कांहींच नसतो. फरशी कोणती आणि मोरी कोणती हा भेद माणसानें केलेला आहे, आणि तो त्याला कोणीं सांगितलेला नसतो. मात्र हा भेद त्याला शिकवितां येतो. तो शिकविण्याच्या आजच्या रीतींपैकीं बरीच रूढ झालेली रीत म्हणजे रात्रीं पिलाला एका लहानशा पिंजऱ्यांत निजविणें.

'पिंजरा' हा शब्द कानीं पडतांच मन कचरतें. मायेनें आणलेल्या जिवाला तुरुंगांत घालावयाचें काय, असें घरांतील एखादें माणूस विचारतेंच, आणि तो प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर पिलाच्या जन्मापासून शोधावें लागतें.

जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिलाला आपण होऊन मलमूत्रविसर्जनही करतां येत नाहीं. आई त्याला जिभेनें चाटते, त्या स्पर्शानें विसर्जन होतें, आणि सारें स्वच्छही तीच करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पायांत बळ आलें कीं पिलें धडपडत निजण्याच्या जागेपासून दूर जाऊं लागतात. अंथरूण कोरडें ठेवावें ही बुद्धि त्यांना अशी उपजतच असते. अमेरिकेंतील मेन राज्यांत बार हार्बर येथें स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं पांच जातींच्या कुत्र्यांचा त्यांच्या पिल्लेपणापासून अनेक वर्षें अभ्यास केला. १९६५ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पिलाच्या आयुष्यांतील पहिले तीन महिने संवयी व ओळखी जडण्याच्या दृष्टीनें किती मोलाचे असतात हें त्यावरून जगाला नीट कळलें. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पिलूं विसर्जनासाठीं ठराविक जागा आणि पायाखालीं ठराविक स्पर्श धरूं लागतें. भारतांत २०१७ च्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं. म्हणजे पिलूं नव्या घराचा उंबरठा ओलांडतें तें नेमकें याच वयांत. या दिवसांत त्याच्या पायांखालीं जें येईल, तेंच पुढें त्याला योग्य वाटूं लागतें. गालिचा आला तर गालिचा, माती आली तर माती.

पिंजऱ्याचें काम एवढेंच, कीं ही उपजत बुद्धि पाळणाऱ्याच्या मदतीला यावी. पिलूं आपली निजण्याची जागा सहसा भिजवीत नाहीं. अगदीं राहवेनासें झालें म्हणजे तें चुळबुळ करतें, कण्हतें, आणि घरच्यांना सूचना मिळते. मोकळ्या खोलींत मात्र तें निमूटपणें चार पावलें दूर जाऊन आपलें काम उरकतें, आणि कोणालाही कळत नाहीं.

यावरूनच पिंजऱ्याचें मापही ठरतें. पिलाला आंत मान न वाकवितां उभें राहतां यावें, गिरकी घेतां यावी आणि पाय ताणून निजतां यावें. याहून लहान पिंजरा हा छळ होय. प्राण्याला पुरेशी हालचाल करतां येणार नाहीं अशा पिंजऱ्यांत कोंडणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाही आहे. उलट पिंजरा फार ऐसपैस असला तर पिलूं एका कोपऱ्यांत निजतें आणि दुसऱ्याची मोरी करतें. मोठ्या होणाऱ्या जातीसाठीं म्हणून मोठा पिंजरा आणावा, पण मध्यें फळी घालून ती पिलाच्या वाढीबरोबर मागें सरकवीत जावी. आंत जुनी सतरंजी किंवा धुतां येईल असें जाड कापड घालावें. वारा खेळता राहील अशा तऱ्हेनें फार तर एक-दोन बाजू कापडानें झाकाव्या. गळ्यांतील पट्टा आंत ठेवतांना काढून घ्यावा, कारण तो जाळींत अडकून गळफास बसण्याचा धोका असतो.

पिंजऱ्याची पहिली ओळख रात्रीं करून देऊं नये. दिवसां त्याचें दार उघडें ठेवून जेवणाची वाटी आंत सरकवावी. पिलूं आपण होऊन आंत जाईल आणि आपण होऊन बाहेर येईल. दोन घास खातांना दार क्षणभर लोटावें, मग मिनिटभर, मग पांच मिनिटें. शिक्षा म्हणून मात्र त्याला तेथें कधींही घालूं नये, आणि मुलांनींही तेथें निजलेल्या पिलाला ओढून काढूं नये. ज्या जागेचें दार रागानें बंद होतें ती जागा तुरुंग बनते, आणि जेथें जेवण व निवांत झोप मिळते तें घर ठरतें.

आतां रात्रीचा क्रम. लघवी किती वेळ धरवते याचा एक ठोकताळा सांगतात : पिलाचें वय जितके महिने, त्यांत एक मिळविला असतां येतील तितके तास. दोन महिन्यांच्या पिलाचे तीन तास, तीन महिन्यांच्याचे चार. लहान चणीच्या जातींना याहून कमी वेळ धरवते. रात्रीं झोपेंत मूत्र कमी तयार होत असल्यामुळें थोडी सवलत मिळते, पण तिच्यावर फार विसंबूं नये.

समजा, घरचीं माणसें अकराला निजतात. पिलाचें शेवटचें जेवण सातच्या सुमारास उरकावें. जेवणानंतर थोड्याच वेळांत, बहुधा अर्ध्या तासाच्या आंत, शौचास होतें. तेव्हां त्याला ठरलेल्या जागीं न्यावें. निजण्यापूर्वीं तासभर पाण्याची वाटी उचलावी. मात्र विदर्भ-खानदेशाच्या उन्हाळ्यांत ही काटकसर जपूनच करावी, कारण तहानलेलें पिलूं हें ओल्या फरशीहून कितीतरी अधिक चिंतेचें आहे. दहानंतर धांगडधिंगा नको. अकराला पुन्हां एकदां त्या जागीं नेऊन मग पिंजऱ्यांत निजवावें, आणि पिंजरा पलंगाशेजारीं ठेवावा. काल-परवापर्यंत भावंडांच्या उबेंत निजलेल्या जिवाला स्वयंपाकघरांत एकटें कोंडलें, तर तें रडणारच. माणसाचा श्वास ऐकूं आला आणि जाळीतून बोटांचा वास मिळाला, कीं त्याचें निम्में रडें तेथेंच थांबतें.

गजर दोनचा आणि पांचचा लावावा. गजर पिलाच्या रडण्याच्या आधीं वाजावा, यांतच सारी मख्खी आहे. रडल्यावर दार उघडतें असा अनुभव आला कीं पिलूं दार उघडविण्यासाठीं रडूं लागतें. गजर होतांच त्याला उचलूनच न्यावें. चालत नेलें तर वाटेंतच प्रकरण आटोपतें. दिवा मंद असावा, बोलणें जवळजवळ नसावें, खेळ मुळींच नसावा. ठरलेल्या जागीं खालीं ठेवून ठराविक शब्द एकदां उच्चारावा आणि पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें. काम होतांच, त्याच क्षणीं, शाबासकी व खाऊचा एक तुकडा द्यावा. अर्ध्या मिनिटानंतर दिलेल्या बक्षिसाचा संबंध पिलाला लागत नाहीं. १९०४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनीं कुत्र्यांवरच दाखविलें होतें कीं, अन्नाशीं वारंवार जोडलेला संकेत पुढें एकटाच लाळ आणतो. ठराविक शब्दाचें कार्यही कांहींसें असेंच असतें. महिन्याभरानें तो शब्द ऐकतांच पिलूं कामाला लागतें, आणि पावसांत छत्री धरून उभ्या असलेल्या यजमानांना त्याची किंमत कळते. पांच मिनिटांत कांहीं झालें नाहीं, तर परत पिंजऱ्यांत ठेवावें आणि दहा-पंधरा मिनिटांनीं पुन्हां न्यावें.

चार-पांच रात्री कोरड्या गेल्या कीं गजर पंधरा मिनिटें पुढें ढकलावा. असें करतां करतां दोनचा गजर तीनच्याही पुढें सरकतो आणि पांचच्या गजराची गरजच उरत नाहीं. मध्येंच एखादी रात्र ओली झाली तर निमूटपणें पूर्वींच्या वेळेवर यावें. बहुतेक पिलें चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान रात्रभर स्वस्थ निजूं लागतात.

शहरांतील वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची एक निराळी अडचण असते. पिलाच्या लशींचा क्रम साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, आणि तोंवर भटकीं कुत्रीं जेथें जातात त्या जागीं त्याला खालीं सोडणें धोक्याचें असतें. पार्व्होचा विषाणु जमिनींत महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून तोंपर्यंत गॅलरींत किंवा गच्चीवर एका उथळ तबकांत माती अथवा हरळीचा तुकडा ठेवावा. नुसते वर्तमानपत्राचे कागदही चालतात. परंतु कागदाची संवय लागलेलें पिलूं पुढें जमिनीवर पडलेलें ताजें वर्तमानपत्र पाहून तसेंच वागलें, तर त्याला बोल लावतां येणार नाहीं.

इतकें करूनही चुका होतात. चूक समोर घडत असेल तर हलकेंच टाळी वाजवून लक्ष वेधावें, आणि उचलून योग्य जागीं न्यावें. मागाहून आढळली तर फक्त फरशी पुसावी. नाक त्या ओल्यांत घासणें, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणें, हे जुने उपाय नुसते क्रूर नसून निरुपयोगीही आहेत. पिलूं त्यांतून एवढेंच शिकतें, कीं माणसाच्या देखत लघवी करणें धोक्याचें आहे. मग तें कोचामागें जातें, आणि बाहेर नेलें तरी माणसासमोर कांहीं करीत नाहीं. 'पण त्याला आपली चूक कळते, तोंड बघा कसें पाडतें,' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेंतील अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या अपराधावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. निरपराध कुत्रींही रागावल्यावर तसाच चेहरा करीत. तो चेहरा भीतीचा असतो.

पुसण्याच्या बाबतींतही थोडें तारतम्य हवें. अमोनियायुक्त द्रव्याचा वास पिलाला लघवीसारखाच वाटतो, म्हणून तें टाळावें. फेनेलानें माणसाचें नाक फसतें, पिलाचें नव्हे. शिवाय तें पायाला लागून चाटलें गेलें तर अपाय होतो. विकरयुक्त धुण्याचें द्रव्य मिळाल्यास उत्तम. नसल्यास आधीं कापडानें टिपून घेऊन मग पांढऱ्या व्हिनेगारचें पाणी वापरावें.

पिंजरा हा सर्वच रोगांवर उतारा मात्र नव्हे. ज्या पिलाचे पहिले आठवडे दुकानांतल्या घाणेरड्या पिंजऱ्यांत गेले, त्याची ती उपजत बुद्धि बोथट झालेली असते. त्याला मोठ्या कुंपणांत, एका बाजूस अंथरूण व दुसऱ्या बाजूस तबक ठेवून, हळूहळू शिकवावें लागतें. पिलूं वारंवार थोडी थोडी लघवी करीत असेल, कुंथत असेल, लघवींत रक्त दिसत असेल, किंवा कोरड्या झालेल्या रात्री एकाएकीं पुन्हां ओल्या होऊं लागल्या असतील, तर शिस्तीचा विचार सोडून पशुवैद्याकडे जावें. एखादें पिलूं दार लावतांच लाळ गाळतें, धापा टाकतें, जाळी चावून तोंड रक्ताळून घेतें. ही हट्टाची नव्हे, खऱ्या घाबरण्याची लक्षणें होत, आणि अशा पिलाला कोंडून ठेवूं नये. दिवसांचे लांबलचक तास पिंजऱ्यांत घालवावयास लावणें हेंही तितकेंच गैर.

सहा महिने गेलेले असतात. त्याच तिसऱ्या मजल्यावर रात्रीचे दोन वाजले आहेत. पलंगाशेजारील पिंजऱ्याचें दार आतां सताड उघडें असतें, कारण तें लावण्याची गरज उरलेली नाहीं. आंत सतरंजीवर पाय ताणून पिलूं घोरत असतें. बाहेर निजण्यास मोकळीक असूनही तें तेथेंच जातें. पिंजरा हा तुरुंग काय, या प्रश्नाचें उत्तर अखेर त्याच्याकडूनच मिळतें. आणि आजी सकाळीं उठून फरशी न्याहाळतात, ती आतां केवळ संवय म्हणून.