कंदिलाला न दिसणारा वायू

विहीर उपसायला माणूस उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कंदील विझला की कोणी उतरत नाही. ही परीक्षा खरी आहे, पण अर्धी. आम्ही कॉलेजाचे तोंड पाहिले नाही. जे समजले ते माजरीच्या बाजूला खाणकामगारांत वावरताना आणि युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके चाळताना. तेव्हा जाणत्यांनी चूकभूल पोटात घालावी.

कंदील विझतो तो प्राणवायू कमी पडल्यामुळे. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. १६ च्या आसपास उतरला की ज्योत मरते. कार्बन डायॉक्साइड हवेहून जड, तो तळाशी बसतो, म्हणून विहिरीत ही युक्ती चालते. मिथेनचे उलटे. तो हलका, छताशी दडतो आणि हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीसरशी भडकतो. तेथे उघडा कंदील नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. हंफ्री डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली; जाळी उष्णता ओढून घेते आणि आतली आग बाहेर पसरत नाही. वात बारीक करून हा दिवा हळूहळू छताकडे नेला की ज्योतीवर निळसर टोपी चढे. तिच्या उंचीवरून खाणीतला सरदार वायूचे प्रमाण ओळखी. ते सव्वा टक्क्याच्या वर गेले की वीज तोडून माणसे बाहेर काढावीत, असा खाणींचा नियम आहे.

आमच्या वर्धा खोऱ्यातल्या खाणींत मिथेन बेताचाच. त्यामुळे "आपल्याकडे गॅस नाही" हे वाक्य आम्ही कामगारांच्या तोंडून कितीदा ऐकले याची गणती नाही. पण इथला कोळसा हवा लागली की आपसूक तापतो. ढिगातून निघणारा धूर रस्त्याने जाताना आपणही पाहिला असेल. भुयारात, बंद केलेल्या भिंतीमागे, असे तापणे सुरू झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कंदील त्याच्यात खुशाल जळत राहतो. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने धरते. डोके दुखते, पाय लुळे पडतात, आणि माणसाला वाटते, रात्री झोप झाली नाही. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणाऱ्यांनाही हाच वायू गाठतो. ब्रिटनमध्ये तो ओळखायला कॅनरी पक्षी नेत; माणसाआधी पक्षी कोलमडे. ती चाल तिथे १९८६ पर्यंत होती.

आता खिशात मावणारे यंत्र आले आहे. आतल्या रसायनाशी वायूची क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह निघतो, तोच आकड्यात दिसतो. आकडा एकटा पाहू नये, कालच्यापेक्षा आज किती चढला ते पाहावे. शिवाय यंत्राची शक्ती कालांतराने मंदावते, म्हणून ठाऊक प्रमाणाचा वायू देऊन ते मुदतीने तपासावे लागते. एका खाणीत आम्ही विचारले, हे शेवटचे कधी तपासले? साहेब म्हणाले, "अहो, शून्य दाखवतेय ना!" मेलेले यंत्रही शून्यच दाखवते. त्या दिवशी पाळीची माणसे दीड तास वरच थांबली आणि दुसरे यंत्र आल्यावर उतरली. दीड तासाची मजुरी कापली गेली. तिच्यासाठी आम्ही चार महिने भांडलो, तेव्हा ती मिळाली.