आवळायचं ते गाडी जमिनीवर आल्यावर

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. प्रीमिअर पद्मिनीच्या मागच्या बाजूला वजन पेलतात ते पाटे. पोलादी पट्ट्यांचा तो वाकवलेला थर खड्ड्यात दबतो आणि उसळून वर येतो; मोकळा सोडला तर वरखाली होतच राहतो. त्याला आवरणं एवढंच शॉकअपचं काम. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या फिरतो, तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते आणि पाट्याची सगळी उसळी तेल तापवण्यात जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो, तो यामुळेच.

आमची पद्मिनी १९८०च्या दशकातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये कुर्ल्याला फियाट अकराशे डिलाइट बनवायला घेतली. पुढे तिचीच पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. टॅक्सीवाले होते तोवर कोपऱ्याकोपऱ्यावर सुटे भाग मिळत. आता कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर दुकानं धुंडाळावी लागतात. घेताना नुसतं डबीवरचं नाव वाचून भागत नाही. जुना शॉकअप शेजारी धरून मिटलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी ताडून पाहावी लागते. मिटलेला शॉकअप लांब निघाला, तर मोठ्या खड्ड्यात मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग रबरी ठोकळ्यावर टेकण्याआधी धक्का शॉकअपलाच बसतो.

मागून ठकठक येत होती, म्हणून मिस्त्रींकडून मागचे शॉकअप बदलून घ्यायचं ठरवलं. गाडी उचलण्यापूर्वी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग बॉडीखाली दोन घोड्या आणि हाउसिंगखाली वेगळा जॅक. हाउसिंग खाली कुठवर झुलायचं, हेही शॉकअपच ठरवत असतो. तो काढल्यावर हाउसिंग आणखी खाली गेलं तर ब्रेकचा रबरी होज ताणला जातो. म्हणून जॅक तिथून हलवायचा नाही आणि दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत.

शॉकअपचा खालचा नट गंजून बोल्टशी एकजीव झालेला. पेट्रोलची टाकी मागेच, त्यामुळे गॅसने तापवायचा प्रश्नच नव्हता. तारेच्या ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू दिलं. सकाळी मिस्त्रींनी रिंग पाना चढवला आणि नट आधी किंचित आवळला. करकर असा कोरडा आवाज आला, तेव्हा कुठे उलटा फिरवला. जुना रबरी बुश बाहेर आला तो एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने भेगाळलेला. मागून येणारी ठकठक त्याचीच होती.

नवा शॉकअप डबीतून काढून थेट लावत नाहीत. आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. मिस्त्रींनी तो गाडीत बसतो तसा उभा धरला, पूर्ण ओढला, पूर्ण दाबला, पुन्हा ओढला. सुरुवातीला मधेच एक पोकळ जागा लागायची, हाताला कसलाच विरोध नाही. चारसहा वेळा खालीवर केल्यावर ती नाहीशी झाली. आता ओढताना जोर लागत होता, दाबताना त्याहून कमी. उसळी वरच्या दिशेनेच जास्त आवरायची असते, म्हणून आतले व्हॉल्व्ह तसे असतात.

बुशाला मी ग्रीस लावायला घेतलं तर मिस्त्री म्हणाले, “नको साहेब, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.” ओला बुश अंगठ्याच्या दाबाने सरकत शॉकअपच्या डोळ्यात बसला. वरचं टोक आधी अडकवलं. मग जॅक थोडा थोडा वर घेत खालचा डोळा भोकासमोर आणला. बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर काहीतरी तिरकं आहे असं समजायचं. वायसर, नट, आणि पाना नुसता टेकेपर्यंत आवळणं. मी पुढे जोर लावू लागलो तसा त्यांनी हात धरला. “लटकत्या गाडीला आवळायचं नसतं.”

कारण साधं आहे. हाउसिंग खाली लोंबत असताना बुश पक्का केला, की त्याच कोनात तो जखडतो. गाडी चाकांवर आली की शॉकअपचा कोन बदलतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. दिसायला सगळं नवं, पण बुश लवकर फाटतो आणि ठकठक परत येते. दुसऱ्या बाजूचंही असंच झाल्यावर चाकं लावून गाडी खाली उतरवली, डिकी दाबून दोनतीनदा हिसके दिले, पाट्यांना त्यांच्या जागी बसू दिलं. मिस्त्री मग पाना घेऊन खाली सरकले आणि चारही नट पक्के केले.

तपासणीला यंत्र लागत नाही. डिकीवर सगळा भार टाकून हात सोडला. गाडी एकदा वर आली आणि तिथेच थांबली. जुन्या शॉकअपवर ती दोनतीन हेलकावे घ्यायची. काम अर्ध्या दिवसाचं, त्यातली शेवटची आवळणी पाच मिनिटांची. मजुरी मात्र त्या पाच मिनिटांच्या अकलेची, आणि ती देताना मला घासाघीस करावीशी वाटली नाही.